हाताला पाणी लागलं

हल्दिया, १४ जानेवारी १९७३

चंदू,

पत्राच्या वर काय लिहायचं असतं ते मास्तर ज्या वर्षी शिकवणार होते त्याच्या आदल्या वर्षी मी शाळा सोडली, म्हणून सरळ सुरू करतो. तुझं पत्र मिळालं. बायच्या केसमध्ये आता तिची साक्ष होणार हे वाचून दोन घास जास्त जेवलो. तीन वर्षं नुसत्या तारखा पडत होत्या. आता निदान तिला कोणी काही विचारणार तरी.

मृणालिनीबाई वकिलांचा निरोप पण कळला, की बळवंतने कोर्टाच्या आसपास फिरकू नये, त्याने तोंड उघडलं की केस बुडेल. नाही फिरकणार. कलकत्त्याच्या खाली नदीतला गाळ काढायच्या जहाजावर आहे मी, इथून फिरकायचं म्हटलं तरी कसा फिरकणार? पण बाईंना सांग, श्याम डॉक्टरच्या दवाखान्याची काच मी उगाच नाही फोडली. माझ्या मागे-पुढे बाय ही एकच बहीण, तीही विधवा. शिंगाळा माशाचा काटा तळहातात घुसला म्हणून त्याच्याकडे गेली आणि मनगटापासून उजवा हात घालवून बसली. मी काय आरती ओवाळायची?

तू तिच्याबरोबर जाणार आहेस आणि तू घाबरलास की सगळं विसरतोस, म्हणून परत लिहितो. काटा लागला रविवारी. डॉक्टरने धुतलं, घट्ट पट्टी बांधली, इथपर्यंत ठीक. मंगळवारी तिला ताप होता, हात पावासारखा फुगला होता. ती एकटी चालत त्याच्याकडे गेली, सांगितलं. त्याने पट्टी सोडलीच नाही. तापाची गोळी दिली आणि म्हणाला गुरुवारी ये. गुरुवारी तिला आपण दोघांनी खाटेवरून उचलून नेली. मोठ्या इस्पितळात म्हणाले, सेप्टिक होऊन विष रक्तात गेलंय, मंगळवारी पट्टी सोडून पाहिलं असतं तर हात वाचला असता. सगळी केस त्या मंगळवारची आहे. बाकी काही विसरलास तरी चालेल.

भरपाई मिळाली तर बाय अंधेरीच्या बाजारात परत स्वतःची जागा घेईल. माझ्या मनिऑर्डरवर जेवताना ती मान वर करत नाही हे तू सांगितलं नाहीस तरी मला माहीत आहे.

मी ठीक. काल तारेच्या दोराने पायाला जरा ओरबाडलंय, बाकी झकास.

बळवंत

---

वेसावे, ११ फेब्रुवारी १९७३

बळ्या,

मी घाबरलो नाही आणि काही विसरलो पण नाही. घाबरली ती फक्त बाय, आणि ती पण ट्रामच्या जुन्या रुळावरून रस्ता ओलांडताना. कोर्टात वाघीण होती. ऐक.

हिरवं लुगडं नेसली होती. हात पदराखाली झाकून उभी राहिली, तर मृणालिनीबाई म्हणाल्या, बाहेर काढा, त्यासाठीच आलोय आपण. न्यायाधीश सगळं इंग्रजीत लिहितो, म्हणून मध्ये एक चष्मेवाला दुभाषी बसवलाय. बाय बोलणार, तो इंग्रजीत सांगणार. बाई विचारत होत्या तोवर सगळं नीट झालं. मग डॉक्टरचा वकील उठला. एकदम गोड माणूस रे. अरे-तुरे नाही, आवाज चढवणं नाही.

तो म्हणाला, "मथुराबाई, मंगळवारी तुम्ही डॉक्टरांना नेमकं काय सांगितलंत?"

बाय म्हणाली, "सांगलं, डॉक्टर, हाताला पानी लागलं."

"नक्की हेच शब्द?"

"हाव. हेच. एकवीरेची आण."

"म्हणजे पाणी लागलं होतं हे तुम्हाला मान्य आहे."

"मान्य काय त्यात? लागलंच होतं. नायतर मी त्याच्या दारात कशाला जाईन?"

दुभाष्याने इंग्रजीत सांगितलं, न्यायाधीशाने लिहिलं, आणि तो वकील आपल्या बायला आभारी आहे म्हणून खाली बसला. मी मागे मांडीवर थाप मारली. त्याच्या तोंडूनच कबूल झालं ना, की बायने मंगळवारी सांगितलं होतं.

पण एक कळलं नाही. बाहेर आल्यावर मृणालिनीबाईंचा चेहरा उतरलेला. बायला म्हणाल्या, "मथुराताई, तुम्ही मला सूज सांगितलीत, ताप सांगितलात. पाण्याचं कधी बोलला नाहीत. डॉक्टरच्या जबाबात ते लिहिलेलं होतं, मी समजत होते ते खोटं आहे." आणि चहासुद्धा न घेता गेल्या. बाय माझ्याकडे बघून म्हणाली, "सूज काय नि ताप काय नि पानी काय, एकच ना ते?" मला वाटतं बाई दमल्यात. दिवसभर उभं राहायचं म्हणजे चेष्टा नाही.

श्याम डॉक्टरने एकदा पण वर बघितलं नाही. केस पांढरे झालेत त्याचे. पुढच्या तारखेला त्याची साक्ष.

बर्फाच्या कारखान्यातली माझी रात्रपाळी संपली. पोरगं रांगायला लागलंय. तुझ्या पायाचं लिहिलंस त्याचं काय झालं?

चंदू

---

हल्दिया, २२ फेब्रुवारी १९७३

चंदू,

तुझं पत्र आलं तसा उठून तारघरात गेलो. तार तुला या पत्राच्या आधी मिळाली असेल. ती वाचून तू डोकं खाजवत असशील, म्हणून नीट लिहितो. बसून वाच.

बाई दमलेल्या नाहीत रे. बाईंना वाटतंय आपली केस बुडाली. आणि बुडालीच आहे.

माझ्या पायाचं विचारलंस ना? तो दोर लागला त्याला दोन दिवसांनी ठणका मारायला लागला. आमच्या छावणीत एक कंपाउंडर आहे, भाऊराव म्हणून, वर्धेकडचा. एवढ्या बंगाल्यांत एक मराठी माणूस, म्हणून मी खुशीत त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, भाऊराव, पायाला पाणी लागलंय. त्याने वरच्यावर बघितलं, पावडर दिली, म्हणाला, "कोरडा ठेव बे. पाण्यात जाऊ नको." मी म्हटलं बरं. दुसऱ्या दिवशी मला हुडहुडी भरली, दोघांनी धरून नेला. त्याने फडकं सोडलं आणि बोंबललाच.

"अबे, हे तर पिकलं हाये. काल काहून नाही सांगतलं?"

म्हटलं, "सांगितलं की. पाणी लागलंय म्हटलं ना?"

"पाणी लागलं म्हंजे भिजलं ना बे?"

आम्ही दोघं एकमेकांची तोंडं बघत बसलो. त्याच्याकडे पाणी लागलं म्हणजे भिजलं. मी म्हटलं, आमच्या वेसाव्यात जखम आतून पिकली, पू धरला, की पाणी लागलं म्हणतात. आम्ही दिवसभर खाऱ्या पाण्यातच असतो, भिजलं हे काय कोणी डॉक्टरला जाऊन सांगेल? तो म्हणाला हे मला आज कळलं. मला पण तेव्हाच कळलं चंदू. जन्मात कधी वाटलं नव्हतं की हा शब्द बाकीच्या मराठीत असा नाही.

त्याने चिरा दिला, इंजेक्शनं दिली, आता मी चालतोय. पण तुझं पत्र वाचताना माझ्या अंगाला परत हुडहुडी भरली. बायने शपथ घेऊन सांगितलं की पू झाला. न्यायाधीशाने लिहून घेतलं की तिने हात भिजवला. म्हणजे पट्टी भिजवून सेप्टिक तिनेच करून घेतलं, आणि ते तिच्याच तोंडाने. तो गोड वकील आभार मानणार नाही तर काय करणार?

आत्ताच्या आत्ता बाईंकडे जा. बायला घेऊन जा.

बळवंत

---

वेसावे, ५ मार्च १९७३

बळ्या,

तुझी तार घेऊन पोस्टमन स्वतः आत आला. "पाणी म्हणजे पू बाईंना सांग" असं वाचून तो म्हणाला, कोणाच्या डोक्यात झालंय का? मी पण तेच म्हटलं. मग पत्र आलं.

त्याच दिवशी बायला घेऊन पार्ल्याला मृणालिनीबाईंच्या घरी गेलो. त्यांनी तुझं पत्र दोनदा वाचलं. मग बायला विचारलं, "तुमचा हात नुसता भिजला, तर तुम्ही काय म्हणाल?"

बाय म्हणाली, "भिजला म्हनेन. दुसरं काय म्हनतात?"

बाई पहिल्यांदाच हसल्या. आणि लगेच हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, हे मला पटलं, पण न्यायाधीशाला कोण पटवणार? मथुराताईंनी आता अर्थ बदलून सांगितला तर तो वकील म्हणेल, बघा, पढवून आणलंय. भावाचं पत्र तर चालणारच नाही. नात्यातला नको, तुमच्या कोळीवाड्यातला कोणीतरी साधा माणूस पाहिजे, जो उभा राहून सांगेल की आमच्यात याचा अर्थ हा आहे.

मी फिरलो रे. सरूबाईकडे गेलो, ती म्हणाली मला ऐकू येत नाही. सुकट विकताना पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक ऐकू येतं तिला. हरेश्वर तांडेल म्हणाला, आमच्या घरात दम्याचा माणूस आहे, उद्या रात्री डॉक्टर नाही आला तर तू येशील का? जमातीचा पाटील म्हणाला, आपण ना याच्या बाजूने, ना त्याच्या. सगळ्यांना शब्दाचा अर्थ माहीत आहे. सगळे म्हणतात मथुरा खरं बोलते. पण उभा कोणी राहत नाही. वेसाव्यात दुसरा डॉक्टर नाही ना.

आणि आता जे लिहितोय त्यावर तू मला शिव्या घालशील. मी पण नाही उभा राहणार.

तुला कळवलं नव्हतं. सुलक्षणाच्या बाळंतपणाच्या वेळी पोर आडवं होतं. सुईण हात झटकून बाजूला झाली. श्याम डॉक्टर गुडघाभर चिखलातून आला आणि दोघांना वाचवून गेला. माझी बायको आणि माझं पोरगं, दोन्ही त्याच्या हातचे आहेत. त्याच माणसाच्या तोंडासमोर मी कसा बोलू? बायला मी कोर्टात नेईन, आणेन, तिची पिशवी धरीन. पण त्या कठड्यात नाही.

बायला सांगितलं. तिने मला जेवायला वाढलं.

चंदू

---

हल्दिया, १४ मार्च १९७३

चंदू,

तुझं पत्र फाडलं. मग तुकडे जोडून परत वाचलं, की चुकून काही वेगळं लिहिलं असेल. नाही.

तुझ्या पोराचे हात मोज. दोन आहेत ना? मग झालं.

एका डाव्या हाताने तिने तुला वाढलं आणि तू जेवलास.

मी रजा मागितली. मुकादम म्हणतो गाळ काय तुझ्या बहिणीसाठी थांबणार आहे का. पावसाळ्याआधी कोणाला सोडत नाहीत. पळून आलो तर तीन महिन्यांचा पगार गेला आणि बायची मनिऑर्डर पण. इथे बांधलेल्या कुत्र्यासारखा आहे मी. मला परत पत्र लिहू नकोस.

बळवंत

---

वेसावे, २९ एप्रिल १९७३

बळ्या,

लिहू नकोस म्हणालास तरी लिहितो. हे तुला दुसरं कोण लिहिणार?

श्याम डॉक्टरची साक्ष झाली. आधी त्याच्या वकिलाने विचारलं. डॉक्टर म्हणाला, ही बाई मंगळवारी आली, तिने स्वतः सांगितलं की हाताला पाणी लागलं, मी तिला गोळी दिली आणि गुरुवारी बोलावलं. वकील म्हणाला झालं. सगळं त्यांच्या मनासारखं.

मधल्या सुट्टीत मी जिन्यापाशी उभा होतो. मृणालिनीबाई आल्या. माझ्याकडे बघितलं नाही, नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, बाई, मी साक्ष देणार नाही, पण एक सांगतो. गेल्या शिमग्याला माझ्या बापाच्या पायाचं बोट सुजलं होतं. मी त्याला श्याम डॉक्टरकडे नेला. बापाने तोंडाने जे सांगितलं आणि डॉक्टरने जे केलं, तेवढं विचारून बघा. बाईंनी बापाचं नाव विचारलं. मी सांगितलं. एवढंच.

आत गेल्यावर बाई उठल्या. बायचं नाव पण काढलं नाही.

"डॉक्टर, वेसाव्यात दवाखाना किती वर्षं?"

"वीस तरी."

"तिथल्या लोकांचं बोलणं कळतं तुम्हाला?"

तो जरा हसला. "आता माझं पण तसंच झालंय."

"गेल्या शिमग्याला धोंडू भांजी म्हणून एक म्हातारे पाय घेऊन आले होते. आठवतात?"

"आठवतात ना. अंगठ्याचं बोट."

"काय केलंत?"

"चिरा दिला. बराच पू निघाला."

"त्यांनी येऊन काय सांगितलं होतं?"

आणि बळ्या, डॉक्टर बोलून गेला. त्याच्या तोंडातून बाहेर पडलं, "म्हणाले, पाणी लागलंय."

दुभाषी थांबला, त्याला कळेना इंग्रजीत काय सांगू. न्यायाधीशाने लेखणी खाली ठेवली. त्या गोड वकिलाने उठून हरकत घेतली, न्यायाधीश त्याला म्हणाला बसा. मग त्याने स्वतः मराठीत विचारलं. त्याला मराठी येतं हे आम्हाला इतक्या दिवसांत कळलंच नव्हतं.

"डॉक्टर, तिथला माणूस पाणी लागलं म्हणतो तेव्हा तुम्ही काय समजता?"

डॉक्टरने मान वर करून बायकडे बघितलं. तो खोटं बोलला असता तर मला बरं वाटलं असतं, खरं सांगतो. तो म्हणाला, "पू झाला असं समजतो."

मृणालिनीबाई म्हणाल्या, "मंगळवारी मथुराबाईंनी हेच सांगितलं, असं तुम्ही थोड्या वेळापूर्वी शपथेवर सांगितलंत. मग पट्टी का नाही सोडलीत?"

"बाहेर बाकावर माणसं बसली होती. मला वाटलं, गुरुवारी बघू."

बायने माझा दंड धरला होता. डाव्या हाताची पकड काय आहे रे तिची, अजून वळ आहे.

बाहेर पडताना डॉक्टर माझ्या समोरूनच गेला. त्याला कळलं होतं, बोटाची गोष्ट कोणी सांगितली असणार. मला वाटलं आता थुंकेल. थांबला, म्हणाला, "बाबांचं बोट बरं आहे ना?" मी मान हलवली. गेला.

तुझं ते हात मोजायचं पत्र मी विसरणार नाही. पण बरोबर होतं ते.

चंदू

---

हल्दिया, ११ मे १९७३

चंदू,

भाऊरावला तुझं पत्र वाचून दाखवलं. डॉक्टर बोलून गेला तिथे तो खाटेवरून उठून उभा राहिला, आणि डॉक्टरने खरं सांगितलं तिथे परत बसला. म्हणाला, "माणूस वाईट नसन बे." मी म्हटलं, तेच तर. वाईट असता तर काच फोडून मोकळा झालो असतो.

त्याने तिला खोटी पाडायचा डाव टाकला नव्हता, शब्द तसाच्या तसा सांगितला, आणि बाकी सगळं वकिलाने केलं, असं मला वाटतं. पण वकील ते करत असताना तो गप्प बसला. आणि त्या मंगळवारी त्याला कळलं होतं. हे दोन्ही मी विसरत नाही.

तू माझ्यावर रागावला असशील तर दोन शिव्या लिहून पाठव, म्हणजे फिटेल. तुझ्या पोराचं नाव काय ठेवलंस? एवढ्या पत्रांत तू लिहिलंच नाहीस आणि मी पण विचारलं नाही.

बळवंत

---

वेसावे, १९ ऑगस्ट १९७३

बळ्या,

शिव्या तू आलास की तोंडावर देईन, टपाल खातं तसला मजकूर नेत नाही. पोराचं नाव श्याम. म्हणून लिहिलं नव्हतं. आता कळलं ना?

निकाल लागला. न्यायाधीश बराच वेळ इंग्रजीत वाचत होता. शेवटी दुभाषी म्हणाला, दावा मंजूर, डॉक्टरने नुकसानभरपाई द्यायची. मी बायकडे बघितलं, तर ती तशीच उभी. म्हणाली, "आनि पानी?"

दुभाषी म्हणाला, "पाणी तिकडे बाहेर माठात आहे, बाई."

मृणालिनीबाईंना हसू आवरेना. मग त्यांनी बायला बाजूला घेऊन सांगितलं, न्यायाधीशाने तुमचा शब्द निकालात तसाच्या तसा लिहिलाय, आणि खाली अर्थ पण लिहिलाय, वेसाव्याच्या लोकांच्या बोलण्यात याचा अर्थ असा. बायने तेवढं ऐकलं आणि पदर सारखा केला. म्हणाली, "म्हंजे मी हात भिजवला नाय." तीन वर्षं सगळा बाजार तिला हेच म्हणत होता रे, की तिनेच पाण्यात हात घातला असेल. आपल्यातलेच लोक, शब्द माहीत असून.

अंधेरीच्या बाजारात जागा बघून ठेवलीय. मासा कापायला सरूबाईच्या सुनेला बसवणार. बाय म्हणते, हात तिचा, आवाज माझा. सरूबाईला आता परत ऐकू यायला लागलंय. नारळी पुनवेला खाडीत नारळ वाहिला, तेव्हा तिने बायसाठी वेगळा आणला होता.

डॉक्टरने वरच्या कोर्टात जाणार नाही असं सांगितलंय. दवाखाना महिनाभर बंद होता, लोक म्हणाले गेला आता हा माणूस. मग एक दिवस उघडला.

परवा श्यामच्या गुडघ्याला लागलं. सुलक्षणाने फडकं बांधलं होतं. मी जायला तयार नव्हतो, तीच म्हणाली, जा, तिथे नाही तर कुठे जाणार? गेलो. बाकावर दाराबाहेरपर्यंत माणसं. आमचा नंबर आला. मला वाटलं नाव घेऊन काही बोलेल. तो पोराच्या गुडघ्याकडे बघत म्हणाला, "भिजलं की पिकलं?"

म्हटलं, "काहीच नाही डॉक्टर, पडलाय नुसता. नवीनच आहे."

बाहेर कोणीतरी खोकलं, कोणीतरी म्हणालं आटपा. डॉक्टरने कातरी बाजूला ठेवली आणि सुलक्षणाने मारलेल्या गाठी एकेक करून सोडल्या. शेवटचा वेढा निघेपर्यंत.

संध्याकाळी हे बायला सांगितलं. ती कोळंबी सोलत होती, एका हाताने, परात पायांत धरून. ऐकून थांबली. मग म्हणाली, "बलवंताला लिव."

चंदू